पंधरावं डोकं

"कॅप्टन क्वाशी, आज शेवटची संधी," मिस ट्रिम धक्क्यावरून बोटीत पाय ठेवता ठेवताच म्हणाल्या. "माणसं नीट मोजून नेली आणि मोजून आणली, तर परवाना राहील. नाहीतर उद्यापासून ही बोट वाळूवर."

अन्सेल्म क्वाशीने टोपी काढून मान डोलावली. बोटींच्या खात्यातल्या या बाई वयाने त्याच्या धाकट्या मुलीएवढ्या, पण त्यांच्या हातातल्या वहीचं वजन बाईंपेक्षा जास्त होतं. वहीवर नजर ठेवूनच त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी नारिंगी जाकीट अंगात चढवलं. सरकारी माणसाला कोण अडवणार.

अन्सेल्मची मोजायची रीत त्याच्या आईने घालून दिलेली होती. खिशात तुरीचे दाणे. धक्क्यावर येणारा माणूस 'गुड मॉर्निंग' म्हणाला, की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. जो म्हणत नाही तो माणसात जमा नाही, असं आई म्हणायची, आणि टोबॅगोत तिच्याशी वाद घालणारा अजून जन्मला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र त्रिनिदादहून आलेला एक नवरदेव गुड मॉर्निंग न म्हणताच चढला. त्याचा दाणा पडला नाही. परतताना दाणे दहा, डोकी दहा, बोट निघाली. नवरदेव तासभर भर समुद्रातल्या नायलॉन पूल नावाच्या उथळ जागी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि नवरी बोटीत गाढ झोपली होती. तेव्हापासून गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय अन्सेल्म एकाही प्रवाशाला फळीवर पाय ठेवू देत नसे.

आज चौदा जणांनी म्हटलं. व्हर्ना मावशी बाजारात मासे विकणारी, तिच्याकडे परदेशातून पाहुणे आले होते, त्यांना घेऊन ती आली. शेवटी आला एक गवती टोपीवाला गोरा गृहस्थ. गुड मॉर्निंग म्हणताना त्याने एवढे शुभ्र दात दाखवले की अन्सेल्मने डोळे किलकिले केले. त्याची बायको समुद्राला भिणारी, ती धक्क्यावरच खेकडा-डंपलिंगच्या दुकानापाशी थांबली. चौदा दाणे डाव्या खिशात गेले, अन्सेल्मने बाईंना चौदाचा आकडा सांगितला आणि त्याची बोट 'मिस लिस्ट्रा' निघाली.

प्रवाळावर तास-दीड तास छान गेला. तोंडात नळ्या धरून माणसं पालथी तरंगत होती, खाली पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, आणि मिस ट्रिम वहीत काहीतरी लिहीत होत्या. बाराच्या सुमाराला अन्सेल्मने शिट्टी वाजवली. सगळे शिडीने वर आले. ओले केस, डोळ्यांभोवती चष्म्याचे वळ आणि सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. अन्सेल्मने सुकाणूपाशी उभं राहून पाठमोरी डोकी मोजली.

पंधरा.

पुन्हा मोजली. पुन्हा पंधराच. एखादा हातावर तुरी देऊन सटकला असता, तर शोधता तरी आला असता. इथे उलटंच झालं होतं. शेजारी शंभर हातांवर त्याच्या मेव्हण्याची, हॉलिसची बोट उभी होती. त्याचाच कुणीतरी गडबडीत या शिडीने वर आला असणार. म्हणजे हॉलिस आत्ता एका बुडालेल्या माणसाच्या काळजीत असणार, आणि हे बाईंना कळलं तर बोट वाळूवर.

उघड विचारायची सोय नव्हती. "तुमच्यातला माझा कोण नाही?" असं विचारणाऱ्या कॅप्टनच्या हाती सरकार सुकाणू ठेवत नाही. मग त्याने युक्ती केली. आंब्याच्या फोडींचं ताट घेऊन तो प्रवाशांपुढून फिरला आणि प्रत्येकाला म्हणाला, "गुड आफ्टरनून." सगळ्यांनी उत्तर दिलं. फक्त मागच्या कोपऱ्यातला एक म्हातारा गप्प राहिला. गालफडं बसलेली, टक्कल उन्हाने लाल, आणि तोंडावर टॉवेल गच्च दाबलेला. हा चेहरा सकाळी पाहिलेला नव्हता, याची अन्सेल्मने शपथ घेतली असती.

"काका, तुम्ही त्या बोटीतले ना?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, दूरच्या बोटीकडे पाहिलं, आणि टॉवेल आणखी घट्ट दाबून खांदे उडवले. अन्सेल्मला तेवढा होकार पुरला.

"कॅप्टन, आपण कुठे वळतोय?" मिस ट्रिमनी विचारलं.

"मेव्हण्याचा दोर परत करायचाय, मॅडम."

हॉलिस त्याच्या बोटीच्या टपावर पाय पसरून पडला होता.

"हॉलिस, तुझा एक माणूस माझ्याकडे आलाय," अन्सेल्म कुजबुजला.

"माझे सगळे आहेत, दाजी."

"मोजलेस?"

"मी नाही मोजत. मी हाक मारतो. ज्याला घरी जायचं असतं तो येतो."

"पुढच्या बाकावर कोण बसलंय बघ. वही दिसतेय का? आत्ता तुझीही डोकी मोजायला सांगू का तिला?"

हॉलिसने वही पाहिली आणि दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे. एक माणूस जड नाही मला."

म्हातारा निमूटपणे या बोटीतून त्या बोटीत गेला. हॉलिसची बोट स्टोअर बेच्या दिशेने गेली, अन्सेल्मची आपल्या धक्क्याकडे, बक्कूला. वाटेत त्याने डोकी मोजली. चौदा. जीव भांड्यात पडला. त्याने शिट्टीवर एक गाणंही वाजवलं.

धक्क्यावर ती समुद्राला भिणारी बायको उभी होती. बोट बांधून होण्याआधीच तिने विचारलं, "माझा नवरा कुठंय?"

"कोण नवरा, बाई?"

"गवती टोपी. त्याचे दात बघा ना, चारचौघांत उठून दिसतात."

अन्सेल्मला ते दात आठवले. त्याने सगळ्या बोटीत पाहिलं. कुठेच नव्हते ते. बाकाखाली गवती टोपी मात्र पडली होती. चौदा दाणे, चौदा डोकी, आणि तरी माणूस समुद्रात राहिला होता. परवाना गेला चुलीत, त्याच्या मनात आलं, बिचारा जिवंत असू दे.

"कुणीही उतरायचं नाही," मिस ट्रिम उठल्या. "कॅप्टन, माणूस कुठे आहे?"

"मागे जातो, मॅडम. आत्ताच." दोर सोडायला तो धावला आणि त्याचा पाय बादलीला अडखळला. नळ्या धुवायची बादली आडवी झाली. पाण्याबरोबर नळ्या घरंगळल्या, आणि त्यातल्या एका नळीच्या तोंडाला, घट्ट चावून बसलेली, शुभ्र दातांची अख्खी कवळी होती.

माणसाचं एवढंच उरलं की काय, असं वाटून अन्सेल्मने टोपी छातीशी धरली.

"दात त्याचेच आहेत," बायको शांतपणे म्हणाली. "त्यांच्याशिवाय मरेल, पण चार लोकांत तोंड उघडणार नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा रुमाल धरलाय."

अन्सेल्मच्या डोळ्यांपुढे तो टॉवेल आला. बसलेली गालफडं आली. त्याने फोन लावला.

"दाजी, तुमचा पाहुणा मजेत आहे," हॉलिस म्हणाला. "कलालूचं सूप पितोय. पण एक अक्षर बोलत नाही हो."

"त्याला घेऊन ये. वारा प्यायल्यासारखा ये."

वीस मिनिटांनी म्हातारा पुन्हा 'मिस लिस्ट्रा'वर आला, पाठ फिरवून त्याने कवळी बसवली, आणि वळला तेव्हा सकाळचाच लखलखीत गृहस्थ उभा होता. "गुड आफ्टरनून," तो म्हणाला. बायकोने धक्क्यावरूनच त्याच्या पाठीत एक चापट घातली आणि मग रडली.

अन्सेल्मने सवयीने बोटीतली डोकी मोजली. पंधरा.

"चौदा म्हणाला होतात ना?" मिस ट्रिमनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे तुम्हाला मोजता येत नाही. हे मी लिहिणार."

"लिहा, पण मला एकदा नीट मोजू द्या." अन्सेल्म आता हट्टाला पेटला होता. आईची रीत एवढी खोटी निघणं त्याला मान्य नव्हतं. त्याने डाव्या खिशातले दाणे काढले आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवत निघाला. व्हर्ना मावशीला एक, तिच्या पाहुण्यांना एकेक, कवळीवाल्याला एक. चौदावा दाणा संपला तेव्हा तो पुढच्या बाकापाशी पोचला होता. तिथे एकच हात दाण्यावाचून होता, आणि त्या हातात पेन होतं.

"मॅडम," तो अगदी मऊपणे म्हणाला, "सकाळी चढताना तुम्ही गुड मॉर्निंग म्हणाला होतात का?"

मिस ट्रिमनी वहीचं पान उलटलं. बोटीतले सगळे त्यांच्याकडे बघू लागले. सरकारी चुकांकडे लोक बघतात तसं हे बघणं नव्हतं. वळण नसलेल्या मुलीकडे बघतात तसं होतं.

"अगं, तू बर्निसची ना?" व्हर्ना मावशी दाणा चघळत म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये भेटते मला तुझी आई. नोकरी लागल्यापासून लेकीचं गुड मॉर्निंग सुटलंय, हे ठाऊक आहे का तिला?"

"मावशी, आईला मधे आणू नका." मिस ट्रिमचे कान लाल झाले होते. त्या अन्सेल्मकडे वळल्या. "पण तुम्ही माणूस दुसऱ्या बोटीत पाठवलात, ही चूक आहेच. ती लिहावीच लागेल."

"लिहाच, मॅडम. जे घडलं ते सगळं लिहा," अन्सेल्म म्हणाला. "फक्त सुरुवातीपासून लिहा."

बाईंनी वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग टोपण बसवलं, वही मिटून काखेत धरली आणि उजवा तळहात पुढे केला.

"गुड मॉर्निंग, कॅप्टन," त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

अन्सेल्मने उजव्या खिशात हात घातला आणि पंधरावा दाणा काढला.