वज्रवीर बलभीम गरड यांची वारस नोंद

साहेब, तुम्ही कागद वाचला नाही. सही केलीत, शिक्का मारलात, शिक्क्याखाली "वंशावळ समक्ष पडताळून पाहिली, बरोबर आहे" असं स्वतःच्या हातानं लिहिलंत. पण वाचला नाही. वाचला असता तर पहिल्याच चौकटीतलं "उडू शकतो" तुम्हाला दिसलं असतं. तुमचं नाव इथं घेत नाही. गावाचंही घेत नाही, बेंबळीच्या पुढं आहे एवढं पुरे. बाकी सगळं घेणार आहे.

बलभीम गरड वारले, त्याला चार महिने झाले होते. मागं बायको धुरपदाबाई, ईट गावाला दिलेली थोरली मुलगी दीपमाला, घरी असलेला मुलगा रणधीर आणि विहिरीसकट सहा एकर रान. जमिनीला वारस लावायचे म्हणून रणधीरनं सेवा केंद्रातून वंशावळीचे दोन छापील कागद आणले. एक लिहायला, एक बिघडला तर असावा म्हणून. वर 'मूळ पुरुष', खाली फाटे फुटलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत 'हयात / मयत' आणि 'शेरा'. रणधीर भिंतीला टेकून बसला आणि त्यानं एक कागद भरला. बलभीम, मयत. धुरपदाबाई, हयात. रणधीर, हयात. पेनाला टोपण लावलं.

"आन दीपी?" धुरपदाबाईनं विचारलं.

"दीपीचं काय?"

"ती बी हयातच हाय की. सकाळीच फोन आलता तिचा."

"आई, तिला ईटला हाय ना सगळं सासरचं. हितं कशाला नाव?"

"तिला काय हाय ते म्या इचारलंच न्हाय. ती कोण हाय ते इचारलं."

रणधीर म्हणाला, चौकटी संपल्या. अकरा चौकटी रिकाम्या होत्या.

त्याच दिवसांत रणधीरची बायको करिश्मा मोबाइलवर वज्रवीरची मालिका बघत होती. वज्रवीर म्हणजे अंगाला चिकटलेले कपडे घालून जग वाचवणारा माणूस. मालिका बारा भागांची. पण ती कळायची तर आधी निघालेले सात चित्रपट पाहिलेले हवेत, अशी ती काढणाऱ्यांची अट. तशी ते कुठं लिहीत नाहीत, आपण तीन भाग पाहून डोकं धरून बसलो की मग कळतं. पहिल्याच भागात जो माणूस दार उघडून आत येतो आणि ताटावर बसतो, तो मागं एका चित्रपटात मेलेला. कसा आला, कुठून आला, कुणी सांगत नाही. सांगून टाकलं तर मागचे सात चित्रपट कोण बघणार?

घराण्यात हे सगळं कोळून प्यालेली एकच बाई होती. करिश्मानं ईटला फोन लावला.

"आक्का, ह्यो मेलता ना?"

"मेलता की. तिसऱ्यात."

"मंग आता जेवूलालाय ते कोण?"

"त्योच! पाचव्यात काळ उलटा फिरवत्यात. तू असं कर, लिहून घे. तुझ्या ध्यानात न्हाय ऱ्हायचं."

करिश्मानं कागद शोधला. कपाटावर वंशावळीचा दुसरा कागद कोरा पडला होता, त्याच्यावर चौकटी आयत्या आखलेल्या होत्या, हयात-मयत सुद्धा छापलेलं होतं. याच्याहून सोयीचा कागद मिळणार कुठं? दीपमाला सांगत गेली, करिश्मा लिहीत गेली. मूळ पुरुष वज्रवीर, तिसऱ्या चित्रपटात मयत, मालिकेत हयात, शेरा: उडू शकतो. बहीण छायावती, हयात, भिंतीतून जाते. मुलगा अग्निकेतू, हयात, दुसऱ्या विश्वातला, आक्काला पुन्हा विचारणे.

दुसऱ्या दिवशी रणधीर घाईत निघाला आणि वरचा कागद उचलून घेऊन गेला. वर कोणता होता ते सांगायला नको.

सेवा केंद्रातला कृष्णराज दिवसाला साठ अर्ज भरतो. नावं वाचत बसला तर दिवसाला सहा होतील. त्यानं वज्रवीर लिहिलं तर संगणक पुढं जाईना, वडिलांचं नाव आणि आडनाव मागू लागला. कृष्णराजनं शेजारच्या मृत्यू दाखल्यावरून 'बलभीम गरड' घेतलं आणि तिघांनाही लावलं. पुरुष दिसला तिथं मुलगा, बाई दिसली तिथं मुलगी. रणधीरकडून शपथपत्रावर सही घेतली. रणधीरनंही नावं वाचली नाहीत, पण त्याला शिक्का नाही, पगार नाही, म्हणून त्याला तेवढ्यापुरतं सोडून देऊ.

मग अर्ज तुमच्या टेबलावर आला, साहेब. तुम्ही काय केलंत ते वर लिहिलंच आहे. नोटीस चावडीच्या फळ्यावर लागली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर जनावरांच्या लसीकरणाचा कागद चिकटवला गेला. पंधरा दिवसांत एकही हरकत आली नाही. नोंद मंजूर.

विहिरीवरच्या मोटारीला वीज घ्यायची म्हणून रणधीर सातबारा काढायला गेला आणि कागद हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

"कृष्णा, ही कोण माणसं हायत रे?"

"तुमची भावकी."

"आमच्या भावकीत उडणारं कोण हाय?" रणधीरनं इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं स्वच्छ छापलं होतं: उडू शकतो.

"तुमच्या घरचं म्या काय सांगू भाऊ? तुमीच बघा कोण उडतंय ते."

रणधीर करिश्माला घेऊन तुमच्याकडं आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, कागद बदलला. लई मोठी चूक झाली. ही नावं काढून टाका."

तुम्ही म्हणालात, "नोंद मंजूर झालेली आहे. मंजूर नोंदीत चूक नसते."

"पण ही माणसंच न्हायत, साहेब!"

"नाहीत म्हणजे? मयत?"

"एक मेलता. तिसऱ्या पिच्चरात."

"मग मृत्यूचा दाखला आणा. नाव कमी करतो."

दोघांनी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. दाखला कुठून आणायचा ते रणधीरनं मनात ठरवलंही असेल. पण करिश्माला खोटं खपत नाही. ती म्हणाली, "साहेब, मालिकेत त्यो जिता हाय."

"जिवंत असेल तर दाखल्याचा प्रश्नच नाही. त्याला हजर करा, हक्कसोडपत्रावर सही घेऊ." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मला एक सांगा, मालिका आधीची का तिसरा पिच्चर आधीचा?"

साहेब, उभ्या नोकरीत तुम्ही विचारलेला हा एकच बरोबर प्रश्न. आणि त्याचं उत्तर ती मालिका काढणाऱ्यांकडं तरी असेल का, शंका आहे.

प्रकरण तक्रारीच्या वहीत चढलं. तिघा खातेदारांना नोटिसा निघाल्या. कोतवाल जाऊन आला आणि त्यानं लिहून दिलं: "सदर इसम पत्त्यावर मिळून आले नाहीत. घरातील बाईकडे चौकशी केली असता ते बहुधा आकाशात असतात असे समजले." तुम्ही तेही वाचलं नाही. फाइलला लावलंत.

पुरावा पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही, म्हणून दर बुधवारी सुनावणी लागली. एका तारखेला एक चित्रपट. करिश्माचा मोबाइल तुमच्या टेबलावर तांब्याला टेकवून उभा केलेला, आणि बाहेर दारावर "सुनावणी सुरू आहे" असा कागद. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसं पायऱ्यांवर बसून आतल्या स्फोटांचे आवाज ऐकायची आणि साहेब आज लईच चिडलेत असं म्हणून घरी जायची. वहीत तुमच्या अक्षरात नोंदी आहेत. "चित्रपट चौथा पाहिला. खातेदार क्रमांक एक समुद्रात पडला. पुढील तारीख."

"मागं घ्या जरा," तुम्ही पाचव्याला म्हणालात. "ही बाई याची कोण?"

"बहीण, साहेब."

"आणि हा पोरगा?"

"त्याचाच. पर दुसऱ्या विश्वातला."

"म्हणजे दुसरी बायको?"

"न्हाय न्हाय. बायको एकच, विश्वं दोन."

तुम्ही त्याचीही नोंद घेतलीत. सात चित्रपट झाले, मग मालिकेचे बारा भाग झाले. शेवटच्या भागाला तुम्ही डोळे पुसलेत. पण आधी काय आणि नंतर काय, ते तुम्हाला उलगडलं नाही. करिश्मा म्हणाली, "आक्काला बोलवा. तिला पुरतं ठावं हाय."

रणधीरचा चेहरा उतरला. वारस लावायला टाकलेत हेच त्यानं बहिणीला कळू दिलं नव्हतं. "तिला कशाला मधी घेऊलालीस?"

"मंग तुमी सांगा पाचव्यात काय झालं ते."

पाचव्याला रणधीर बाकावर घोरत होता.

पुढच्या बुधवारी दीपमाला ईटहून एसटीनं आली, वाटेत घरून धुरपदाबाईला सोबत घेऊन. फाइल मागितली, उभ्यानंच चाळली. तिला वाचायची सवय होती, साहेब. 'मुलगी: छायावती बलभीम गरड' ही ओळ तिनं दोनदा वाचली.

"रणधीर," ती म्हणाली, "जो माणूस जगातच न्हाय त्याला बी बहीण हाय. तुला न्हाय व्हय रे?"

रणधीर पंख्याकडं बघू लागला. पंखा बंद होता.

तुम्ही म्हणालात, "ते घरी बोला. आधी मालिका आणि चित्रपट जोडून द्या."

"त्यात काय अवघड हाय? तिसऱ्यात मेला. पाचव्यात काळ मागं फिरला म्हणून जिता झाला. मालिका त्याच्या फुडची. अन् बाराव्या भागात त्यो हाय ते सगळं बहिणीच्या हवाली करून निघून जातो."

"लेखी दिलं का?"

"तोंडानं बोलून दिलं, रडत रडत."

"साक्षीदार?"

"तुमीच की, साहेब," करिश्मा म्हणाली. "तुमी बी रडलाव."

ते नाकारता येईना. तुम्ही भराभर निकाल लिहायला घेतलात. वज्रवीर यांनी हक्क सोडला. अग्निकेतू यांचं विश्व या कार्यालयाच्या हद्दीबाहेर, नाव कमी. राहिली छायावती बलभीम गरड.

"मयत बलभीमला मुली किती?"

"एकच," धुरपदाबाई म्हणाली.

"हयात आहे?"

"ही काय, तुमच्या फुड्यात उभी हाय."

तुम्ही लिहिलंत: छायावती उर्फ दीपमाला. सहा एकर, विहिरीसकट.

रणधीर ताडकन उठला. "साहेब, म्या मुलगा हाव! एकुलता एक!"

"पुरावा?"

"आई बसलीय की हितं!"

"आईचंही नाव वंशावळीत नाही." तुम्ही शपथपत्र त्याच्यापुढं सरकवलंत. "ही सही कुणाची?"

"माझीच."

"वरची ओळ वाचा. मोठ्यानं."

रणधीर वाचू लागला, "सोबतच्या वंशावळीत दाखवलेल्या व्यक्तींखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही, हे मी शपथेवर..." त्यानं कागद खाली ठेवला. "साहेब, ती ओळ म्या आक्काला वगळायसाठी..." धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते रणधीरनं अजून विचारलेलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तो मान खाली घालून बसून राहिला. दीपमाला त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "ऊठ. तुझ्यावानी न्हाय म्या. तुझं तुला, माझं मला, आन आईचं आईला. माझं नाव लागलं पायजे हितं, बास."

तिनं सेवा केंद्रातून नवा कागद आणला आणि कृष्णराजला शेजारी बसवून एकेक अक्षर घालून घेतलं. मूळ पुरुष बलभीम, मयत. पत्नी धुरपदाबाई, मुलगी दीपमाला, मुलगा रणधीर, तिघंही हयात. शेरा काही नाही. रणधीरनं खाली सही केली, आणि या खेपेला ओळन् ओळ वाचून केली.

आणि हा कागद मात्र तुम्ही वाचलात, साहेब! चष्मा पुसलात, प्रत्येक नावाखाली बोट फिरवलंत. दीपमालाचं आडनाव लग्नानंतर वेगळं कसं झालं? ती छायावती आहे तर नाव बदलल्याचं राजपत्र कुठंय? रणधीरनं आपण वारस नाही असं शपथेवर सांगितलंय, मग तेव्हा खोटं बोलला का आत्ता बोलतोय? धुरपदाबाईची जन्मतारीख एक जानेवारी, ती कुणी ठरवली? आणि शेवटी, वज्रवीर परत येऊन हक्क सांगणार नाही, याची हमी कोण देणार?

"त्याचा फुडला पिच्चर येणार हाय म्हणत्यात," करिश्मा चटकन बोलून गेली.

"मग तो येऊ द्या. पाहून ठरवू," असं म्हणून तुम्ही अर्ज बाजूला ठेवलात.

त्याला अकरा महिने झाले. मेलेला, उठलेला, कुठल्या विश्वातून आलेला माणूस पंधरा दिवसांत खातेदार झाला. आणि ही तिघं अकरा महिने दर बुधवारी तुमच्या दारात येतात. धुरपदाबाईला तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती खालीच बसते. दीपमालाचा अर्धा दिवस एसटीत जातो. रणधीर दोघींसाठी चहा आणून देतो, आता तेवढं करतो तो. त्या अर्जावर ही तीनच नावं आहेत. या तिघांपैकी तुम्हाला खोटं कोण वाटलं, साहेब? नाव घेऊन सांगा.