नारायण मौद्याला आहेत

खोटं बोलायचं तर भूगोल पाहून बोलावं, असं पुण्याच्या ऋषीचं ठाम मत होतं. म्हणूनच ऑफिसच्या कामासाठी नागपूरला निघताना त्याने सासूबाईंना फोनवर सांगितलं, "आई, राहायची सोय कंपनीने मौद्याला केली आहे. वीजकेंद्राच्या आवारात. बाहेर पडायलासुद्धा साहेबांची सही लागते." मौदा नागपूरपासून तासाभरावर. इतकं लांब, की रोज जेवायला बोलावता येऊ नये. इतकं जवळ, की कोणाला संशय येऊ नये. असं गाव सासुरवाडीजवळ असायला नशीब लागतं.

प्रत्यक्षात काम होतं नागपुरातच, सीताबर्डीत आणि मुक्काम सिव्हिल लाइन्समध्ये.

सासूबाई, म्हणजे यमुताई, वाईट नव्हत्या. त्या फार चांगल्या होत्या आणि तीच अडचण होती. गेल्या दिवाळीत त्यांनी जावयाला सकाळी काकांकडे, दुपारी आत्याकडे आणि रात्री घरी असं जेवू घातलं, की परतताना विमानातला पट्टा त्याच्या पोटावरून जाईना. त्यात आता अधिक महिना. अधिकात लेक म्हणजे लक्ष्मी आणि जावई म्हणजे नारायण; त्याला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लक्ष्मीला, म्हणजे नूपुरला, पुण्यातल्या ऑफिसने रजा दिली नव्हती. तिच्या वाटचंही नारायणालाच जेवावं लागणार हे उघड होतं. तेही नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ सर्वांत तापत्या दिवसांत, जेव्हा नागपूरच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजून निघतात.

मात्र हे बाहेर फुटलं असतं तर यमुताईंच्या डोळ्यांना पाणी, नूपुरच्या तोंडाला कुलूप आणि अधिकात वाण चुकवणारा जावई म्हणून ऋषीचं नाव नातवंडांच्या लग्नापर्यंत निघत राहिलं असतं.

सिव्हिल लाइन्समधला तो बंगला इंग्रजांच्या काळातला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'ऐतिहासिक वास्तू, घरगुती वातावरण.' मालक रुपराव ऐतिहासिक बाजू सांभाळत आणि त्यांची बायको प्रयागबाई घरगुती.

"याच खोलीत कमिशनरसाहेब झोपत होते," रुपरावांनी पहिल्या दिवशी सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यालाही तेच सांगताना ऋषीने ऐकलं. विचारल्यावर रुपराव म्हणाले, "उन्हाळ्यात साहेबाले झोप नव्हती लागत, भाऊ. जागा बदलत राहायचा."

रुपरावांना दर पाहुण्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायचा छंद होता. ऋषीने हात जोडून सांगितलं, "माझा नको. कंपनीचा नियम आहे." रुपरावांनी नियमाचा मान राखला. इंग्रजांच्या बंगल्यात राहणारा माणूस नियमाला मानतोच.

घरगुती बाजू मात्र अशी आवरण्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंनी त्याला स्टुलावर चढवून माळ्यावरचं पातेलं काढून घेतलं. रविवारी सकाळी तो चहा मागायला स्वयंपाकघरात गेला, तर हातात चहाऐवजी झारा आला.

"भाऊ, रिकामेच आहा ना? कढईपाशी बसा जरा. माही कंबर धरली. फक्त तूप उडवायचं वरून, पलटवायचं नाही."

ऋषी इंजिनिअर होता. त्याने पहिला अनारसा पलटवला. तो कढईभर पसरून त्याची जाळी झाली.

"हसला," प्रयागबाई म्हणाल्या. "फुटला की हसला म्हनतात त्याले. हसलेला करनाऱ्यानं खायचा."

ऋषीने तो खाल्ला. फार चांगला लागला. मग आणखी दोन हसले. त्यातला एक मुद्दाम.

"एवढे कशाला करता?" त्याने विचारलं.

"ऑर्डर आहे. आमच्या भिशीतली मैत्रीण, यमुताई. जावयाले वान द्यायचं आहे. मी म्हटलं, घरी कर वं. तर म्हने, नवतपात कढईसमोर कोन बसते? आन् वरून म्हने, कोनाले सांगू नको, जावयाले मी हातानं केले म्हनून सांगतो."

झारा ऋषीच्या हातात तसाच राहिला. "आणि... जावई कुठे असतो?"

"मौद्याले येऊन राहिला म्हने. बिचाऱ्याले बाहेर सोडत नाहीत. तिचा नवराच डबा घेऊन जाईन आता. तूप उडवा, भाऊ, हसून राहिला तो."

तेवढ्यात ऋषीचा फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, मौद्यालेच आहा ना? हा चर्र आवाज कायचा येऊन राहिला?"

"बॉयलर," ऋषी म्हणाला.

"सांभाळून राहा बाई. मीही तळूनच राहिली. सकाळपासून कढईसमोर आहे. तुमचे बाबा आणून देतील दुपारी."

त्यांच्या बाजूने एसीच्या गारव्याची घनदाट शांतता ऐकू येत होती. असायला हवा होता तो चर्र आवाज ऋषीच्या पुढ्यात होता. आपण एका खोट्याच्या धाकात दुसऱ्याचं खोटं तुपात तळतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. पण पकडायला गेलं तर आधी स्वतः सापडणार. तो पुढचा अनारसा सोडायला वाकला.

दुपारी फाटक वाजलं. प्रयागबाई म्हणाल्या, "आले, यमुताईचे विश्वनाथराव आले," आणि ऋषी झारा टाकून खोलीत पळाला. आता सासऱ्यांच्या आधी मौद्याला पोचायचं होतं. त्याने टोपी घातली, गॉगल लावला, तोंडाला रुमाल बांधला. एवढ्यात दारावर थाप पडली.

"भाऊ, उघडा जरा," रुपरावांचा आवाज आला. "एक सज्जन आहेत. मौद्याले जायचं होतं त्याहीले, पन ऊन पाहून बसले. संध्याकाळपर्यंत कूलर पाहिजे म्हनतात. तुमच्या खोलीत दुसरी खाट आहे. तुम्ही तर घरचेच."

रुपरावांनी दार ढकललं. दारात विश्वनाथराव उभे होते. डोक्याला दुपट्टा, काखेत अनारशांचा डबा आणि ओठांना खसखस. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केल्याला बरेच दिवस झाले होते.

रुमाल बांधलेला असला तरी जावयाला सासरा उंचीवरून ओळखतो. रुपराव गेल्यावर विश्वनाथरावांनी आधी दार लावून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही तर मौद्याले होते ना?"

"हो. आणि बाबा, तुम्ही?"

"मी आत्ताच पोचलो तिथं."

"प्रवास कसा झाला?"

"तापला होता रस्ता." विश्वनाथराव खाटेवर बसले, दुपट्टा सोडला आणि डबा मध्ये ठेवला. "काहून आले नाही घरी, हे मी विचारत नाही. दिवाळीले मीही होतो त्या तीनही पंगतीले. तुम्हीही मले हे ओठ काहून पांढरे, विचारू नका."

करार झाला. पण करार करणाऱ्यांनी यमुताईंना गृहीत धरलं होतं. विश्वनाथरावांचा फोन वाजला: 'पोचले का? वाण घेताना फोटो पाठवा.'

मग प्रयागबाईंना सगळं सांगावंच लागलं. त्या आधी दारावरच टेकल्या. "म्हनजे सोताचं वान सोताच तळलं तुम्ही?" मग मात्र रीतीला उठल्या. निरांजन लावलं, तांब्याच्या ताटात अनारसे रचले, जावयाला कुंकू लावलं. मागे कोरी भिंत पाहून दोघं उभे राहिले. रुपरावांनी विश्वनाथरावांच्या फोनवर फोटो काढला, आणि आठवण म्हणून एक स्वतःच्याही. फोटो गेला. यमुताईंकडून जोडलेले हात आले. सासरे-जावई कूलरसमोर शांत झोपले.

जाग आली ती विश्वनाथरावांच्या फोनने. तो वाजायचा थांबत नव्हता. भिशीतल्या बायका एकामागून एक कौतुक करत होत्या. रुपरावांनी दुपारीच स्टेटस लावलं होतं. कंपनीचा नियम पाहुण्यांना असतो, हे तर आता घरचेच निघाले, असा त्यांचा विचार. फोटोखाली लिहिलं होतं: 'ऐतिहासिक वास्तू, घरगुती वातावरण. यमुताईंच्या जावईबापूंनी आपल्या वाणाचे अनारसे आमच्या स्वयंपाकघरात स्वतः तळले. सोबत सासरे.'

तीन माणसांनी जपलेली तीन खोटी रुपरावांनी एका दमात, शुद्ध मराठीत सांगून टाकली होती.

मग यमुताईंचा फोन आला. विश्वनाथरावांनी स्पीकर लावला. एकट्याने ऐकायची त्यांची छाती नव्हती.

"किती खाल्ले?" पहिला प्रश्न.

"एकच वं. तोही हसलेला."

"फोन जावईबापूंले द्या."

ऋषीने घसा साफ केला. पलीकडून रडू येणार, की ओरडा, याचा अंदाज लागेना. "आई," तो म्हणाला, "अनारसे फार सुरेख झालेत. अगदी तुमच्या हातचे."

यमुताई हळूच म्हणाल्या, "मौद्याले ऊन खूप आहे काय?"

"कूलर आहे, आई."

"मग आज तिथंच राहा दोघं. उद्या सही मिळाली तर जेवायले या. साधंच करीन. वरण-भात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् त्या रुपरावाले सांगा, स्टेटस काढ म्हनावं."

विश्वनाथरावांनी सुस्कारा सोडला. ऋषीला तर आपण चक्क सुटलो यावर विश्वास बसेना. भूगोलानेच तारलं, असं त्याने मनाशी म्हटलं आणि डब्यातला एक अनारसा उचलला.

तेवढ्यात पुण्याहून नूपुरचा मेसेज आला. आत्याने तिला स्टेटस पाठवलं होतं. मौद्याविषयी तिने एक अक्षरही लिहिलं नव्हतं. फोटो मोठा करून तिने फक्त ताटातल्या अनारशांभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं: 'जाळी छान पडली आहे. दिवाळीचं पीठ मी भिजवून ठेवीन.'

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. दिवाळी दरवर्षी येते.