खोडायचं नाही, झाकायचं

कर्णिक काकांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "केस नेहमी असेच मोकळे सोडतेस?" शुगर लँड या अमेरिकन गावात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या शेजाऱ्याच्या या प्रश्नाला काय उत्तर द्यावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "कापायला फार त्रास होतो गं. कड मिळत नाही."

ते फोटोतून कापण्याबद्दल बोलत होते, हे नंतर कळलं. काका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कडेकडे बघतात. टक्कल पडलेले लोक त्यांना मनापासून आवडतात. कुरळ्या केसांच्या माणसांशी ते जरा जपूनच बोलतात.

त्यांची सगळी नोकरी तेलाच्या पाइपलाइनी तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर काकूंनी बागकाम सुचवलं, मुलाने गोल्फ सुचवला. काकांनी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळाचा एकही फोटो जसा काढला तसा राहिलेला नाही. अध्यक्षांचे डोळे मिटलेले असले तर काका मागच्या वर्षीचे उघडे डोळे आणून बसवतात. एका गणपतीत आमचे एक डॉक्टर ड्यूटीवर अडकले होते. काकांनी त्यांना आरतीत उभं केलं, हातात निरांजन दिलं. काम इतकं बेमालूम होतं, की डॉक्टर आता त्या दिवशीच्या मोदकांचं कौतुक करतात.

एकदा ऐन मीटिंगमध्ये मला काकांचा फोन. "अगं, तुझं डावं कोपर कुठे गेलं?" मी घाबरून आधी कोपर चाचपलं.

काकांचं तत्त्व एकच: "खोडायचं नाही, झाकायचं." खोडरबराला ते हात लावत नाहीत. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर, एकावर एक, आणि जे नको त्यावर मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की माणूस दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की परत येतो. मला हे काही केल्या कळेना, तेव्हा काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि पोळ्यांवर ताट झाकलं. "पोळ्या गेल्या? नाही ना? ताट उचल, आहेत. धिस इज नॉन-डिस्ट्रक्टिव्ह!" काकूंनी जुना सोफा टाकायला काढला तेव्हाही ते हेच म्हणाले. तो सोफा अजून गराजमध्ये चादरीखाली आहे आणि गाडी बाहेर उन्हात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक नाजूक काम आलं, आणि तेही घरूनच. त्यांच्या मुलाचं, निनादचं, दुसरं लग्न ठरत होतं. मुलीचे आईवडील प्लेनोहून जेवायला येणार होते. हॉलमध्ये फायरप्लेसच्या वर समुद्रावरचा मोठा फॅमिली फोटो, आणि त्यात काका आणि निनादच्या मधोमध मेघना, म्हणजे पहिली सून, हसत उभी. फोटोच काढून ठेवावा, हे कुणालाही सुचलं असतं. पण त्या एकाच फोटोत आपण बारीक दिसतो, असं काकूंचं ठाम मत आहे. त्यामुळे फोटो राहणार आणि मेघना जाणार, असं ठरलं.

"बाबा, जस्ट डिलीट हर," निनाद फोनवर म्हणाला. "इट्स नॉट अ बिग डील."

आख्खं मंडळ अर्ध्या तासात इकडचं तिकडे करणारे काका या कामाला काही बसेनात. कधी म्हणायचे, वाऱ्याने केस उडालेत, अवघड आहे. कधी म्हणायचे, मॉनिटरचे रंग बरोबर नाहीत. शेवटी काकूंनी मला गाठलं. "तू जाऊन बस गं त्यांच्याजवळ. तुझं ऐकतात."

मी गेले तेव्हा काम झालेलं होतं. मेघनाच्या जागी समुद्र आला होता, निनाद सरकून काकांच्या शेजारी आला होता. पण काकांच्या खांद्यावर मागून आलेली चार बोटं तशीच होती. एकात अंगठी.

"काका, हात राहिला."

"हो का?" म्हणत काका लाटांवर झूम करू लागले.

"इथे. काळा ब्रश फिरवा की."

"फिरवला होता." काकांनी झूम मागे घेतला. "मग पांढरा फिरवला."

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "दर रविवारी फोन करायची. निनादला नाही, मला. पाइपलाइनच्या त्याच त्याच गोष्टी ऐकायची, हसायचीसुद्धा. डिव्होर्स त्या दोघांचा झाला. मला कोणी विचारलं का, तुमचं काय? आता हर्नडनला असते म्हणे. नंबर आहे माझ्याकडे. पण कुठल्या नात्याने करू फोन?"

मला त्यांची फार दया आली आणि काकूंचा थोडा राग. मी काकूंना एवढंच सांगितलं, फोटो झालाय.

पाहुणे आले, तेव्हा वाढायला मदत म्हणून मी होतेच. फोटो भिंतीवर होता. श्रीखंड वाढेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मुलीची आई कौतुकाने फोटो बघत म्हणाली, "किती छान आलाय! कर्णिकसाहेब, तुमच्या खांद्यावर हात कुणाचा आहे हो?"

निनादने मान वर करून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. काकांचा घास हातातच राहिला. एवढा वेळ त्या फोटोखाली वावरणाऱ्या काकूंनी आता चष्मा सारखा केला, आणि ती बोटं, ती अंगठी नीट पाहिली.

"माझा," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा असणार?"

फोटोत काकू पार दुसऱ्या टोकाला, निनादच्या पलीकडे उभ्या आहेत, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. पाहुण्या बाई फोटोकडे बघत राहिल्या, मग काकूंकडे, आणि शेवटी "हो का, छान" म्हणाल्या. काकूंनी काकांच्या पानात न विचारता आणखी श्रीखंड वाढलं. काका मान खाली घालून ते खात राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मला समोरून दिसत होते.