बिघाड शून्य

अण्णांना जेवता जेवता धाप लागली, तेव्हा कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. त्यांचा मुलगा आरोग्य खात्यात सांख्यिकी अधिकारी होता. कुठल्या हॉस्पिटलावर कितपत भरवसा ठेवावा हे सांगणारं मॉडेल त्यानंच रचलं होतं. अण्णांनी ही गोष्ट पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवली होती.

"पहिल्या नंबरचंच!" अण्णा धापा टाकत म्हणाले.

पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलात फरशी लखलखत होती. ऑक्सिजनचं मशीनही लखलखत होतं, कारण त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालंच नव्हतं.

"लावा ना लवकर!" सून म्हणाली.

"ताई, ते काढायची परवानगी नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "मशीन वापरलं की बिघडतं. आमच्याकडे बिघाड शून्य, म्हणून तर पहिला नंबर आहे. तुम्ही यांना पलीकडच्या हॉस्पिटलात न्या."

मुलानं बिघाड मोजले होते. मशीन मुळात चालवतात का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पलीकडचं शेवटच्या नंबरचं आहे," तो पुटपुटला.

"मग मी नाही जाणार," अण्णा म्हणाले. "माझ्या मुलानं..." पुढे श्वास पुरला नाही. त्यांचे ओठ निळे पडू लागले होते. सुनेनं दोघांचंही न ऐकता गाडी काढली.

तिथलं मशीन चिकटपट्ट्या गुंडाळून धडधडत होतं. सिस्टरनं अण्णांच्या नाकाला नळी लावली आणि ते बंद पडलं. तिनं त्याला एक चापट मारली, पिन बोर्डात दाबून धरली, तसं ते पुन्हा सुरू झालं. हळूहळू अण्णांच्या ओठांवर रंग आला. सुनेला रडू फुटलं.

"हा आणखी एक बिघाड," सिस्टर म्हणाली. "सारखं चालतंय बिचारं, कुरकुरणारच. पण प्रत्येक वेळी वर कळवायला लागतं. कुणा दीडशहाण्यानं मॉडेल काढलंय म्हणे. नवीन मशीन पहिल्या नंबरवाल्यांना, आम्हाला नोटीस."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

अण्णांनी नळी जरा सरकवली. बोलण्यापुरता श्वास आता आला होता, अभिमान तर आधीपासूनच होता.

"सिस्टर, तो हाच," ते म्हणाले. "माझा मुलगा."

सिस्टरनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्याचा हात धरून त्या पिनेवर ठेवला.

"अशीच दाबून धरा. हलायचं नाही. मला बाकीचे पेशंट आहेत."

अण्णांना शांत झोप लागली. ते जागे होईपर्यंत मुलगा तसाच उभा होता. तेवढ्या वेळात बिघाड शून्य.