मेहुण्याच्या ट्रंकेची कडी

चार दिवसांसाठी आलेला मेहुणा चार महिन्यांनी एकदाचा निघाला, आणि ऐन वेळी त्याच्या लोखंडी ट्रंकेची कडी तुटली.

"भाऊजी, आता ही उचलायची कशी? राहतोच मी."

मेहुणा आल्यापासून भाऊजी आरामखुर्चीतून स्टुलावर आणि पलंगावरून सतरंजीवर आले होते. फाटकाबाहेर टॅक्सी उभी होती. कोपऱ्यावरचा वेल्डर दुकान उघडेपर्यंत याचं मन बदललं तर? पण भाऊजीही काही लेचेपेचे नव्हते. जन्मभर त्यांनी आगगाडीचे रूळ जोडले होते.

"ट्रंक रिकामी कर!" ते गरजले आणि कामावरून उरलेली भुकटी घेऊन आले.

"अहो, एवढ्याशा कडीला रुळाचं औषध?" बायको म्हणाली.

"बघच तू. लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियम! पेटलं की अ‍ॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतं, आणि उरतं पाण्यासारखं पातळ लोखंड."

"दुसऱ्याचं हिसकावतं?" मेहुण्याने आरामखुर्चीतून विचारलं. "फारच आगाऊ दिसतंय."

भाऊजींनी ट्रंक फाटकाला टेकवून उभी केली, वर मातीची मूस बसवली आणि भुकटी ओतली. कडीला चमचाभर पुरली असती. पण त्यांच्या हाताला माप ठाऊक होतं ते रुळाचं. सगळ्यांना घरात पिटाळून त्यांनी वात पेटवली आणि स्वतःही धूम ठोकली.

अंगणात दुसरा सूर्य उगवला. वितळलेलं लोखंड कडीपाशी थांबलंच नाही. ट्रंकेचा पत्रा जाळत ते तळाशी गेलं, तिथून फाटकात, फाटकातून खांबात, आणि थंड होताना तिघांनाही कवटाळून बसलं. टॅक्सीवाला भाडं न घेताच पसार झाला.

"कडी कुठाय?" बायकोने विचारलं.

"होती," भाऊजी म्हणाले.

त्यांनी घण घातला. ट्रंक हलेना, फाटक उघडेना.

"काय मजबूत झालंय हो!" मेहुणा म्हणाला. सवयीने भाऊजींची छाती फुगली आणि लगेच बसली.

मेहुण्याने ट्रंकेवरून नजर फिरवली, बंद फाटक पाहिलं, रिकामा रस्ता पाहिला. त्याचे डोळे भरून आले.

"भाऊजी, राहा म्हणून तोंडाने सांगायचं. मी काय नाही म्हटलं असतं?" आणि त्याने त्यांना घट्ट मिठी मारली.

बायकोही डोळे पुसत होती. "आणि मला वेडीला वाटायचं, माझा भाऊ तुम्हाला जड झालाय!"

"छे, छे," भाऊजी म्हणाले आणि मेहुण्याचे कपडे पुन्हा आपल्या कपाटात लावू लागले.