कबर धुवायला मी एकटी पुरे

कबर शोधायला इंग्रजी लागत नाही, डोळे लागतात. हे मी अनघाला आधीच बजावलं होतं. अनघा म्हणजे माझी सून, सध्या मी सिंगापूरला तिच्याकडे असते. कंप्युटरच्या कंपनीत मॅनेजर आहे, त्यामुळे घरातही मॅनेजरच असते. म्हणाली, "आई, गुरुवारी मला सुट्टी नाही. शनिवारी जाऊ. मी पाट्या वाचते, तुम्ही फुलं घाला."

"शनिवारी चार तारीख. दोन तारखेचं काम चारला करायला मी काय पोस्ट खातं आहे?"

"तिथं शंभर कबरी असतील, आई."

"मंडईत हजार वांग्यांतून चांगलं वांगं काढते मी. पाटी वाचून काढते का?"

ती लॅपटॉप उघडून बसली.

काम असं होतं. नगरला आमच्या भिंतीला लागून विद्याचं घर. ती ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत मास्तरीण. मी चौथी शिकलेली. पण भाजीची वाटी चाळीस वर्षं भिंतीवरून येते-जाते. तिचे यजमान, विश्वास भाऊजी, आणि आमचे हे, म्हणजे मनोहर (आता ते नाहीत म्हणून सरळ नाव घेते), दोघं मिळून इथं सिंगापूरला आले, सेम्बावांगच्या गोदीत वेल्डिंगला. एकोणीसशे चौऱ्याऐंशीत भाऊजी तापाने गेले. तेव्हा इतक्या लांबून माणूस घरी नेणं आमच्यासारख्यांच्या हातात नव्हतं. ह्यांनी जवळच्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आणि विद्याला एक फोटो पाठवला. दगडी क्रूस, मागे बुटकी भिंत, बाजूला चाफा. तो फोटो ती बायबलात ठेवते.

दोन नोव्हेंबरला ते लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुतात. चुना देतात, फुलं घालतात, मेणबत्ती लावतात. मागच्या महिन्यात विद्याचा फोन आला. "वहिनी, सासूची धुते, सासऱ्यांची धुते, नवऱ्याचीच राहिली बघ. आता गुडघे गेले, माझं काही येणं होत नाही. माझ्या हाताने नाही तर तुझ्या हाताने धुतलेली तरी एकदा बघू दे."

तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. फोडणीला मोहरीसुद्धा नाही.

"धुते काय, नगरसारखा चुना देते," मी म्हटलं. "आणि मोबाइलवर दाखवते."

"सुनेला घेऊन जा गं."

"का? माझे हातपाय मोडलेत?"

गुरुवारी सकाळी निघाले. पिशवीत लिटल इंडियातून आणलेला चुना, ब्रश, छोटी बादली, नारळाची शेंडी, झेंडू, मेणबत्त्या. बस कुठे सोडायची हे डोक्यात पक्कं. आधी पेट्रोल पंप, मग शाळा, मग क्रूस. बरोबर उतरले. अनघाला लगेच फोन करून कळवलंसुद्धा.

चर्च चांगलं दीडशे वर्षांचं असेल. पांढरंशुभ्र, आत रंगीत काचा आणि गारवा. दाराशी चपला काढल्या, शेवटच्या बाकावर टेकले. दोन म्हाताऱ्या चिनी बायका आधीच तिथं बसल्या होत्या. देवळातही आम्ही म्हाताऱ्या मागेच बसतो. पुढे बसणाऱ्यांना देवाकडून काही हवं असतं, आम्हाला फक्त पायांना विसावा हवा असतो.

बाहेर येते तर चपला गायब. या देशात चोर नाहीत म्हणतात. माझ्या झिजलेल्या चपलांसाठी मुद्दाम परदेशातून बोलावला असणार. तशीच अनवाणी मागच्या आवारात गेले.

क्रूस पुष्कळ होते, चाफे अकरा. पण मी गडबडले नाही. बुटकी भिंत एकाच बाजूला. भिंतीशी एकच चाफा, चाफ्याखाली एकच क्रूस. संपलं! शेजारी लोखंडी दांडीवर कसलीशी पाटी होती. या देशात झाडालाही पाटी असते, कोण लक्ष देतो?

पदर खोचला आणि बसले. चाळीस वर्षांचं शेवाळ, शेंडीने घासून काढलं. अक्षरांत माती भरली होती, ती काडीने कोरून एकेक अक्षर लख्ख केलं. वाचता येत नसलं म्हणून अक्षराला घाण ठेवायची का? मग चौथऱ्याला आणि क्रूसाच्या हातांना चुना दिला, अक्षरं तेवढी सोडली.

घासता घासता भाऊजी आठवले. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा दोघींना एकाच रंगाच्या साड्या आणल्या होत्या, भांडण नको म्हणून. आम्ही काठांवरून भांडलो. मग ह्यांची आठवण आली. ह्यांना आपण अग्नी दिला, राख प्रवरेत सोडली. धुवायला, घासायला मागे काही ठेवलंच नाही. विद्याला चाळीस वर्षं लांबून का होईना, एक दगड तरी होता. आणि मला जे रडू फुटलं! भाऊजींसाठी रडतेय की ह्यांच्यासाठी, माझं मलाच ठरवता येईना.

तशीच फोन लावला. विद्या पांढरी साडी नेसून तयारच बसली होती.

"हे बघ भाऊजी," मी हुंदके देत म्हटलं.

"जवळ ने जरा," ती म्हणाली. मी फोन अक्षरांवर धरला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. एकदा माझ्याकडे, एकदा दगडाकडे. मग तिचेही डोळे भरले. डोकं झाकून तिने प्रार्थना म्हटली. "फार केलंस, वहिनी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी डोळे पुसून वर बघते तर समोर तिघं उभे. एक रखवालदार, त्याच्या हातात पिशवी, पिशवीत माझ्या चपला. एक नव्वदीची चिनी म्हातारी, छत्री घेऊन. आणि तिचा टक्कल पडलेला मुलगा, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ.

"आंटी, कॅनॉट लाह!" रखवालदार चुन्याकडे बोट दाखवून ओरडला.

म्हातारी मात्र चुन्याकडे बघतच नव्हती. माझ्याजवळ आली, छत्री बाजूला केली आणि माझं नाक निरखायला लागली. मग मुलाला काहीतरी म्हणाली. मग तोही माझं नाक बघायला लागला. मी पदराने नाक पुसलं. तरी बघतच होते!

शेवटी अनघाला फोन लावून रखवालदाराच्या हातात दिला. अर्ध्या तासात ती आंग मो किओच्या ऑफिसातून टॅक्सीने हजर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. चौघांचं बोलणं झालं. अनघाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आई, ही ह्यांच्या आजीची कबर आहे. बियाट्रिस टॅन, एकोणीसशे एकवीस. त्या पाटीवर लिहिलंय, कबर ऐतिहासिक आहे, हात लावू नका."

मी ब्रश पदराखाली लपवला.

"आणि त्या विचारतायत, त्यांच्या आजोबांचं मुंबईला दुसरं घर होतं का? ते बोटीवर होते. नाकावरून तुम्ही त्या घरातल्या दिसता म्हणे. त्यांच्याकडे आजीसाठी इतकं कुणीच रडलेलं नाही."

"सांग तिला, आजोबा निर्दोष आहेत. आमच्याकडे शेजाऱ्यांसाठीही असंच रडतात."

अनघाने सांगितलं. म्हातारी आधी हसली, मग तिने माझा चुन्याने माखलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चुना ओला होता म्हणून बरं. रखवालदाराने नळी आणली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून आजीबाई पुन्हा काळ्या केल्या. झेंडू तेवढे राहू द्या, असं म्हातारीच म्हणाली.

"पण मग भाऊजी कुठायत?" मी विचारलं. विद्याने तिकडे डोळे पुसून चहा टाकला असेल. तिला काय सांगू, तुझ्या नवऱ्याऐवजी चिनी आजी धुतली?

रखवालदार म्हणाला, पंचवीसएक वर्षांपूर्वी आवारातून रस्ता गेला. तिकडच्या कबरींतल्या अस्थी काढून चर्चमागच्या भिंतीत ठेवल्या. भिंत म्हणजे पोस्टाच्या पेट्यांसारखे छोटे छोटे कप्पे, प्रत्येकावर दगडी पाटी. इंग्रजी, चिनी, पुन्हा इंग्रजी. अनघा एका टोकाकडून वाचायला लागली. मी दुसऱ्या टोकाला नुसती उभी, काय करणार?

आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर मला वाचता आलं.

"विश्वास. गाव नगर. ठेवणारा भाऊ मनोहर."

मराठीत. सबंध भिंतीत तेवढंच. अक्षरं ह्यांची, त्या म-ची वाकडी शेपटी मी कुठेही ओळखीन. रस्ता गेला तेव्हा हे अजून गोदीतच होते; ह्यांनी स्वतः अस्थी उचलून इथं ठेवल्या होत्या आणि घरी येऊन एका शब्दाने बोलले नव्हते. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना माहीत होतं. मला सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी भिंतीवरून विद्याला कळलं असतं, आणि तिच्या फोटोतली कबर गेली असती.

अनघा माझ्या शेजारी येऊन खाली बसली. "मला वेळ लागला असता, आई," म्हणाली. मॅनेजर कधी कधी बरं बोलते.

हाताने पाटी धुतली, पदराने पुसली, मेणबत्ती लावली. मग पुन्हा फोन.

"विद्या, चूक झाली. मघाची कबर भाऊजींची नव्हती."

"माहितीये," विद्या म्हणाली. "बियाट्रिस टॅन. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. तू अक्षरं इतकी घासली होतीस, चष्माही लागला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रडत होतीस. कुणासाठी ते मला कळलं. मग मीही रडून घेतलं."

मी फोन पाटीपुढे धरला. तिकडून तिचं बोट काचेवर फिरताना दिसलं, एकेका अक्षरावरून. "मनोहर भाऊजींचं अक्षर," ती हळूच म्हणाली.

मग ती म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस. त्या बाईच्या कबरीला चुना फार पातळ दिला होतास."

चुना घट्टच होता. मोबाइलमध्ये तसा दिसतो. हवं तर अनघाला विचारा. नको, तिला नका विचारू.