पडणाऱ्या उमेदवाराचे तातेराव

आपण निवडणुकीत पडणार, अशी ज्या उमेदवाराला पक्की खात्री असेल, त्यानं आमच्या गावात तातेरावांना पोलिंग एजंट नेमावं. माणूस फुकट मिळायचा. भाकरी घरची आणायचा, चहा स्वतःचा प्यायचा आणि सकाळपासून पेटीला सील लागेपर्यंत जागचा हलायचा नाही. फक्त एक होतं. तातेराव ज्याचे एजंट, त्याची अनामत जप्त. अपक्ष असो, बंडखोर असो, नाहीतर देवानं स्वप्नात येऊन फॉर्म भरायला सांगितलेला एखादा असो, तातेराव ज्याच्या नावाची चिठ्ठी खिशाला लावून बसले तो आडवा झालाच म्हणून समजा. गावानं त्यांचं नाव 'डिपाझिटवाले तातेराव' ठेवलं होतं, आणि त्या नावानं हाक मारली तरी ते 'ओ' द्यायचे.

एका उमेदवाराला हे फार लागलं. आमच्या केंद्रावर त्याला शून्य मतं पडली होती. तो बिचारा मोटारसायकलवर गावात आला आणि पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "तातेराव, बाकीच्यांचं सोडा. तुमचं स्वतःचं मत तरी मला पडायचं होतं की!"

तातेराव शांतपणे म्हणाले, "मी तुमचा एजंट हाय, मतदार न्हाई."

मी या गावात मास्तर म्हणून बदलून आलो तेव्हा नामांतराच्या दंगलीला वर्ष उलटून गेलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांच्या वस्त्या जळाल्या, त्यात आमच्याही गावची जळाली. कोणी जाळली म्हणून विचारलं, तर गाव म्हणायचं, शेजारच्या गावची पोरं आली होती. शेजारच्या गावात विचारलं, तर ते म्हणायचे, तुमच्या गावची आली होती. एकूण काय, त्या दिवशी सगळेच परगावी गेले होते. पुढं काही घरं परतली, पत्रे टाकून राहिली. काही परतली नाहीत.

तातेरावांची आठ एकर कोरडवाहू होती, बायको वारलेली, मुलगी दिलेली. शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून चार जमाती, म्हणजे चार यत्ता, झालेलं. त्यामुळं मतदारयादीला ते 'फेहरिस्त' म्हणायचे, अर्जाला 'दरखास्त' आणि पंतप्रधानाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, 'वजीर-ए-आझम'. रेडिओवर बातम्या लागल्या की खाटेवर ताठ बसून ऐकायचे आणि शेवटी एकच निकाल द्यायचे, "मामला संगीन हाय." म्हणजे प्रकरण गंभीर. दिल्लीत सरकार पडलं तरी मामला संगीन, आणि आमच्या हापशीचा दांडा निखळला तरी मामला संगीनच.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. देशाच्या राजकारणाचा त्यांचा हिशेब सरळ होता. "गुरुजी, निजामाच्या राजात हुकूम वरून खाली यायचा. आता म्हनतेत, लोकांचा हुकूम खालून वर जायलाय. मी खालीच उभा हाय चाळीस साल. वर जाताना मला तर एकबी दिसला न्हाई." मग लागोपाठ तीन वर्षांत तीन निवडणुका आल्या, तेव्हा म्हणाले, "पोळ्यावानी झालं बगा इलेक्शन. दरसाली झूल घालायची, दरसाली मिरवायचं, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला."

मी विचारलं, "मग एवढा वीट आलाय तर दिवसभर केंद्रात बसता कामून?"

त्यांनी रेडिओचे सेल काढून धोतराला पुसले.

मतदारयादी तपासायचं काम मास्तरांच्याच गळ्यात पडतं, ते माझ्या पडलं होतं. घरोघर जायचं, मेलेल्यांची नावं काढायची, वयात आलेल्यांची घालायची. पहिल्या वर्षी मी यादी घेऊन जळालेल्या वस्तीत गेलो. एका घर नंबरापाशी काळी पडलेली जोत्याची चार दगडं तेवढी होती. यादीत त्या घरात नाव होतं: केरबा सटवाजी. मी पेन उघडलं, तर तातेराव मागं उभे. माझ्यावर पाळत ठेवून आले होते की काय, कोण जाणे.

"हाय," ते म्हणाले.

"कुठं हाय?"

"गावाला गेलाय. येईल."

"तातेराव, घर न्हाई, दार न्हाई. मी काय लिहू?"

"हाय म्हनून लिवा. गुरुजी, मामला संगीन हाय."

मी 'आहे' म्हणून लिहिलं. यात माझा मोठेपणा काही नव्हता. नाव काढायचं तर तीन कागद भरावे लागतात, ठेवायला एकही लागत नाही. पुढची दहा वर्षं मी आळसानं आणि तातेराव हट्टानं, अशा दोघांनी मिळून केरबाला त्या यादीत नांदवलं.

केरबा कोण, हे मला हळूहळू कळलं. तातेरावांच्या बांधाला त्याचा तुकडा होता. दोघं बरोबरीचे, बरोबरच गुरं राखलेले. हिंदुस्थानातलं पहिलं मोठं मतदान झालं तेव्हा दोघं चुडाव्याच्या केंद्रावर चालत गेले होते. रांगेत केरबा पुढं आणि तातेराव त्याच्या मागं. "गुरुजी, गावच्या आडावर जो माझ्या मागं उभा राहू शकत न्हवता, तो त्या दिवशी माझ्या म्होरं उभा. त्याची सावली माझ्या पायावर पडलेली. पोलीस पाहायला, साहेब पाहायला, अन् कोनी काई म्हनंना. तवा मला कळलं की राज बदललं. झेंड्यानं न्हवतं कळलं."

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. तातेराव आत गेले, चपला काढल्या, पेटीला नमस्कार केला आणि मतपत्रिका सुपारीसकट पेटीच्या वर ठेवून बाहेर आले. देवापुढं ठेवतात तशी. बाहेर केरबानं विचारलं, "टाकली का आत?" हे म्हणाले, "ठिवली वर." केरबानं कपाळाला हात लावला आणि साहेबाला हात जोडून यांना पुन्हा आत पाठवलं. "माझं पहिलं मत केरबामुळं पेटीत पडलं," तातेराव सांगायचे. इथवर आले की हसायचे, आणि हसू संपायच्या आत गप्प व्हायचे.

दहाव्या वर्षी आलेल्या विधानसभेच्या निवडणुकीत मात्र ते गप्प बसले नाहीत. मी मत द्यायला केंद्रात गेलो होतो, तेव्हाच सरपंचाचा मेव्हणा चिठ्ठी घेऊन आला. अधिकाऱ्यानं नाव वाचलं, "केरबा सटवाजी." यादीत वय पासष्ट. मेव्हणा तिशीचा, दंडात ताईत, तोंडात पान. बाकीचे एजंट छताकडं बघायला लागले.

तातेराव उठले. पहिल्यांदाच उठले होते ते.

"केरबा," ते मेव्हण्याला म्हणाले, "लय दिवसानं आलास. तब्येत सुधरली तुजी."

केंद्रात हशा पिकला. केंद्राध्यक्ष म्हणाले, "आजोबा, बसा. वडिलांचं नाव विचारलं मी, बरोबर सांगितलं त्यांनी."

"मलाबी एक विचारू द्या. केरबा, माझं पहिलं मत कुठं राह्यलं होतं?"

मेव्हणा म्हणाला, "मला काय ठावं?"

"साहेब, हा केरबा न्हाई."

केंद्राध्यक्षांना घाम फुटला. असा प्रश्न कुठल्याच नियमात नव्हता. तेव्हा तातेरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून दोन रुपयांची नोट काढून टेबलावर ठेवली. मतदार खोटा आहे अशी हरकत घ्यायची तर एजंटाला तेवढी रक्कम भरावी लागते. नोट जुनी, चौघडी घातलेली होती. प्रत्येक निवडणुकीला ती त्यांच्या खिशात असायची, आणि दिवसभर बसून ते एवढ्या एकाच नावाची वाट बघायचे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. कोणाचाही एजंट चालायचा तो यासाठीच. मोठे पक्ष त्यांना बसू देत नव्हते. पडणारे देत होते.

लेखी चौकशी म्हटल्यावर मेव्हणा पानाची पिंक टाकायच्या निमित्तानं बाहेर गेला, तो परत आलाच नाही. आठच दिवसांत भर दुपारी तातेरावांची कडब्याची गंजी पेटली. कोणी पेटवली? शेजारच्या गावची पोरं, दुसरं कोण! मी धावत गेलो, तर ते बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "कडबाच हाय, गुरुजी. आत मानसं न्हवती."

त्यानंतर वरून आदेश आला. या खेपेला यादी काटेकोर तपासायची, जागेवर न सापडणाऱ्याचं नाव काढायचं, नाहीतर त्या माणसाची स्वतःची सही आणायची. मी तातेरावांना म्हणालो, "आता माझ्या हातात न्हाई. केरबाची सही आणली तरच नाव राहील."

"तो पूर्णेला हाय," ते म्हणाले. "रेल्वेच्या चाळीच्या मागं. पोरगा रुळावरच्या गँगमध्ये हाय."

मी बघतच राहिलो. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीत बसलं की पुढं पूर्णाच. या माणसाला बारा वर्षं पत्ता ठाऊक होता आणि तो एकदाही गेला नव्हता.

आम्ही दोघं गेलो. तातेरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि गाडीत तीनदा मला विचारलं की फॉर्म घेतला ना. केरबा पत्र्याच्या दोन खोल्यांपुढं पालकाच्या जुड्या बांधत बसला होता. उंच, वाळलेला म्हातारा. तातेरावांना बघून उठला, खाट झाडली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तातेराव त्याला 'तू' म्हणत होते आणि तो यांना 'तुमी'. दोस्ती होती तेव्हाही तसंच असणार.

तातेरावांनी सगळं सांगितलं. दर निवडणुकीला कसं बसलो, मेव्हण्याला कसा घालवला, नाव कसं राखलं. बोलताना लहान मुलासारखे फुलले होते. केरबा जुड्या बांधत ऐकत राहिला.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "गुरुजी, माझं नाव इथं हाय. आलो त्याच्या दुसऱ्याच साली घातलं पोरानं. सगळ्या इलेक्शनला मत देतो मी. तिकडचं काढून टाका."

तातेरावांचा कप बशीत वाजला. "मी राखलं की रं ते, केरबा."

"राखलं असल." केरबाचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी सून पोटुशी होती. तिला घिऊन तुमच्या दाराला आलो. तीन हाका मारल्या. तुमी आत होते, तातेराव. कडी लावल्याचा आवाज आला मला."

सुनेनं पदर सारखा केला आणि आत गेली.

"यादीतलं नाव कोनी जाळत न्हाई," केरबा म्हणाला. "ते राखायची काई गरज न्हवती."

तातेरावांनी कप बशीसकट खाली ठेवला. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. त्या दिवशी मी गावात असतो तर कडी काढली असती का, हे मी स्वतःला अजून विचारतो.

नाव काढायच्या अर्जावर कोणातरी मतदाराची सही लागते. केरबा म्हणाला, "आना, मी करतो." तातेराव म्हणाले, "न्हाई. दरखास्त माझी." स्टेशनवरच्या बाकावर बसून मी फॉर्म भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात मयत, स्थलांतर, दुबार, यातलं काहीतरी लिहितात. मी विचारलं, "स्थलांतर लिहू?"

"न्हाई. तो हौसेनं गेला का?"

"मग?"

त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "लिवा, मी सांगतो तसं. तातेरावनं दार उघडलं न्हाई."

"तातेराव, हा सरकारी कागद हाय."

"म्हनूनच तर. दुसरीकडं कुठं लिवून घेतेत?"

मी लिहिलं. त्यांनी खाली उर्दूत, उजवीकडून डावीकडं सावकाश दस्तखत केली. पुढच्या निवडणुकीत एका अपक्षानं त्यांना एजंट व्हायला विचारलं, तर नको म्हणाले. रांगेत उभं राहून मत दिलं आणि घरी गेले. गावाला वाटलं, म्हातारा थकला.

अर्ज घेऊन तहसीलला मी एकटाच गेलो होतो. कारकुनानं कारणाचा रकाना वाचला, शेजारच्याला दाखवला, दोघं हसले. मग त्यानं त्या ओळीवर रेघ मारली आणि वर 'स्थलांतर' असं लिहिलं. खाडाखोड केली की बाजूला छोटी सही लागते, म्हणून कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. तातेरावांना हे मी अजून सांगितलेलं नाही.